सोयी सारख्या दिल्या, मग फरक कशाचा?

पत्राचा गोषवारा

पत्रलेखक तिशीच्या आतले. गाव धाराशिव जिल्ह्यात, घरची अडीच एकर कोरडवाहू. दहावीनंतर आयटीआयमधून फिटर झाले आणि आता चाकणला एका कारखान्यात परमनंट आहेत. धाकटी बहीण तालुक्याच्या कॉलेजातून बारावीला ८८ टक्के मिळवून पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आली. घरात इतकं शिकणारी ती पहिलीच. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि तिचे तीन विषय राहिले: एम-वन (म्हणजे गणिताचा पहिला पेपर), मेकॅनिक्स आणि प्रोग्रॅमिंग. यांच्या सुपरवायझरची मुलगी तिच्याच वर्गात आहे, तिचा पॉइंटर (दहापैकी मिळणारी सरासरी श्रेणी) नऊच्या जवळ.

ते लिहितात: "मुलींना फीमाफी मिळाली, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. दिवाळीनंतर लॅपटॉप हप्त्यावर घेतला. पुस्तकं घेतली. ती माझ्या आणि चुलतभावाच्या रूमवरच राहते. पहाटे पाचला उठून आमचे डबे करते आणि सातच्या बसने जाते. सेकंड शिफ्ट करून मी रात्री बाराला येतो तर ती पुस्तक घेऊन बसलेलीच असते, म्हणजे कष्टाला कमी नाही. वर्ग एक, सर तेच, पेपर तोच. सोयीत आम्ही काही कमी केलं नाही. मग फरक कशाचा? तिच्या डोक्यातच नसेल तर गावाकडे बीएला घालू का? एक स्थळही आलंय, आई म्हणते बघायला काय हरकत. चुलतभाऊ म्हणतो मोबाईल काढून घे. वडिलांना अजून निकाल सांगितलेला नाही."

उत्तर

नमस्कार,

आधी घाईचं काम. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवण्यासाठी आणि रिव्हॅल्युएशनसाठी, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्यासाठी, ठरावीक दिवसांचीच मुदत असते. बहिणीला आजच कॉलेजच्या परीक्षा विभागात जायला सांगा. निदान एका विषयाची फोटोकॉपी मागवाच, मार्क वाढोत न वाढोत. पेपरात नेमकं काय चुकलं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखा दुसरा क्लास नाही. तिथेच दोन गोष्टी विचारायच्या: राहिलेले विषय पुन्हा कधी देता येतात, आणि दुसऱ्या वर्षात जायला किती विषय सुटलेले लागतात. हे नियम विद्यापीठागणिक बदलतात, कॉलेज स्वायत्त असेल तर आणखी वेगळे असतात. नोटीस बोर्डासमोर उभ्या असलेल्या मित्राने सांगितलेल्या नियमावर जाऊ नका.

सुपरवायझरच्या घरी हे काम निकालाच्या संध्याकाळीच उरकलं असतं. तिथल्या बापाला फोटोकॉपी, रिव्हॅल्युएशन, बॅकलॉग (राहिलेले विषय), वायडी (त्यापायी वर्ष वाया जाणं) हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. तुम्ही विचारलंत ना, फरक कशाचा? त्यातला पहिला हा.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य घेऊ. "सोयीत आम्ही काही कमी केलं नाही." तुम्ही मनापासून लिहिलंय आणि तुमच्या पगारात तुम्ही जे केलंत ते थोडं नाही. पण त्याच्या जरा आधी तुम्ही लिहिता की ती पाचला उठून तुमचे डबे करते, आणि रात्री बाराला तुम्ही याल तेव्हा जागी असते. तुम्ही हे तिच्या कष्टाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मी ते वाचलं आणि हिशेब मांडला. झोप पाच तास. चाकणहून पुण्यात बसने जाणं-येणं, रोजच्या ट्रॅफिकमध्ये मिळून तीन तास धरा. दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, धुणं, पाणी, आणखी तीनेक तास. कॉलेज सहा-सात तास. उरलं काय? सहा-सात तास, आणि त्यातच आंघोळ, जेवण, बाकीची कामं. पुस्तकाच्या वाट्याला येतं ते बहुतेक रात्रीचं, डोळे मिटत असतानाचं. तुमची बहीण पुस्तकासमोर बसते हे खरं आहे. त्या वेळी पुस्तक डोक्यात किती शिरतं, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? सलग दुसरी शिफ्ट करताना शेवटच्या दोन तासांत मापं कशी चुकतात, हे तुम्हाला माहीत आहे.

सुपरवायझरची मुलगी या वेळात काय करत असेल? बहुतेक झोपत असेल. तिच्या नऊ पॉइंटरमध्ये त्या झोपेचाही वाटा आहे.

लॅपटॉपचंही तसंच. तुम्ही तो दिवाळीनंतर घेतलात, तोवर प्रोग्रॅमिंगचं निम्मं सेमिस्टर सरलं असणार. हा विषय वाचून येत नाही. कोड लिहायचा, तो चालत नाही, चूक शोधायची, पुन्हा चालवायचा. ज्या मुलीच्या घरी शाळेपासून कॉम्प्युटर आहे तिचे हात हे आधीच करत आलेले असतात. तुमच्या बहिणीने पहिले दोन महिने प्रोग्रॅम वहीत उतरवून पाठ केले असतील. विचारून बघा.

म्हणून वर्ग एक आणि पेपर एक, एवढ्यावरून दोघींना सारखं मिळालं असं म्हणता येत नाही. विद्यापीठ सगळ्यांना एका रांगेत उभं करतं. रांगेत येण्याआधी कोण किती चालून आलंय, हे मार्कलिस्टवर छापलेलं नसतं. पिएर बोर्द्यू नावाचे एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. ते नैर्ऋत्य फ्रान्समधल्या खेड्यातल्या एका पोस्टमनचे चिरंजीव, आणि शिकले पॅरिसमधल्या सर्वांत मानाच्या संस्थेत. ही कुतरओढ त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भाषा, बोलण्याची पद्धत, कोणाला काय आणि कसं विचारायचं याचं भान, हे काही मुलांना घरातच मिळतं. शिक्षणसंस्था ते घरून आलंय हे विसरते आणि त्यालाच हुशारी म्हणते. ज्याला हे घरून मिळालं नाही तोही मग मानतो की आपण मुळातच कमी आहोत. घरून मिळणाऱ्या या शिदोरीला त्यांनी सांस्कृतिक भांडवल असं नाव दिलं. तुमच्या पत्रातला "डोक्यातच नसेल तर" हा शब्दप्रयोग तिथूनच येतो. मला भीती ही वाटते की तुमच्या आधी तो बहिणीच्या मनात येऊन गेला असेल.

आपल्याकडे हे कोणाला कळलंच नव्हतं असंही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिलं वसतिगृह काढलं आणि पुढे एकामागून एक काढत गेले. नुसती फी माफ करून किंवा शिष्यवृत्ती देऊन त्यांना थांबता आलं असतं. पण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला खोली, वेळेवर जेवण आणि बरोबर अभ्यास करणारी चार पोरं मिळाल्याशिवाय फीमाफी वाया जाते, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात तेच केलं. २०२४ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण फीमाफी बसचे तीन तास परत देत नाही.

आता थोडं लांबचं, पण तुमच्या प्रश्नाशी अगदी नेमकं जुळणारं. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाचा गणिताचा तरुण संशोधक तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन बसला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी नापास का होतात आणि चिनी वंशाची मुलं इतकी पुढे का जातात? त्याने आधी प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं ठरलेली होती: त्यांना गोडी नाही, पाया कच्चा आहे, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, गरिबी आहे. मग त्याने दोन्हींकडची वीस-वीस मुलं निवडली आणि दीड वर्ष त्यांच्या मागे मागे फिरला, खोल्यांवर, लायब्ररीत. प्राध्यापकांची एकही अटकळ टिकली नाही. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती. घरच्यांचा पाठिंबा भक्कम होता. आठवड्याला आठेक तास, सांगितले होते तितके, ती गणित करत होती. फक्त एकटीने.

चिनी मुलंही एकटी अभ्यास करत, पण वर आठवड्यातले चार-सहा तास एकत्र बसत. एकमेकांची गणितं तपासत, जुने पेपर सोडवत, अडलं तर लगेच कळायचं की हे सगळ्यांनाच अडलंय की फक्त मला. एकट्या मुलाला हे कधीच कळत नाही. त्याला गणित सुटलं नाही की तो समजतो, मीच बिनडोक.

ट्राइझमनने मग एकत्र बसण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यात एक शहाणपणा केला. त्यांना 'कच्च्यांसाठी जादा तास' असं रूप दिलं नाही. उलट जास्त अवघड गणितं दिली आणि ती मिळून सोडवायला लावली. या वर्गांना येणाऱ्या मुलांचे निकाल पालटले. आपल्या कॉलेजांतले रेमिडियल क्लास ओस का पडतात, हे ज्यांना कळत नाही त्या प्राध्यापकांनी एवढी एक गोष्ट वाचली तरी पुष्कळ झालं. 'ढ' असा शिक्का मारून घ्यायला कोण आपल्या पायाने जाईल?

आता सांगा, तुमची बहीण कधी कोणाबरोबर अभ्यास करते? सातची बस, परतीची बस, मग चूल. लेक्चर संपल्यावर मुलं कॅन्टीनमध्ये किंवा लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसतात, तेव्हा ती स्टॉपवर उभी असते. सबमिशन कधी आहे, व्हायवाला कोणते सर येणार आणि ते काय विचारतात, इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, कोणत्या युनिटवर भर असतो, ही सगळी माहिती त्या पायऱ्यांवर फिरत असते. तिथून ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. म्हणूनच चुलतभावाचा मोबाईल काढून घ्यायचा सल्ला मला अजिबात पटला नाही. तिच्यापुरता वर्गाशी उरलेला तेवढाच धागा आहे. रील्स बघण्यात वेळ जातो, हे कोणाच्या बाबतीत खोटं आहे? चुलतभावाचा जात नाही का?

म्हणून माझा पहिला सल्ला तिच्या राहण्याबद्दल. तिला कॉलेजजवळ राहू द्या. मुलगी एकटी कशी राहील, ही आईची काळजी मला समजते. पण रोज बसस्टॉपवर एकटीने उभं राहणं काही जास्त सुरक्षित नाही. कॉलेजचं वसतिगृह, शासकीय वसतिगृह, दोन्हींची चौकशी करा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था आहेत; ती १९५५ पासून ग्रामीण भागातून आलेल्या मुलामुलींची राहण्याची सोय करते. वडील अल्पभूधारक आहेत, तर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी प्रवर्गानुसार वेगवेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयं, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. काहींना मागच्या परीक्षेतल्या गुणांची अट असते, म्हणून अटी आधी वाचा आणि तहसीलमधले दाखले आत्ताच काढायला टाका. दाखल्यापायी अख्खं वर्ष गेलेली घरं कमी नाहीत.

हे जमेपर्यंत? डबे तुम्ही आणि चुलतभावाने करायचे. दोघं धडधाकट आहात. चाकणला मेस आहेत, कारखान्यात कँटीन असेल. भाकरी थापता येत नसेल तर पोळीभाजीचं केंद्र कुठल्याही कोपऱ्यावर सापडेल. हा सल्ला मी विनोदाने देत नाहीये. तुम्ही तिला आजवर जे काही दिलंत, त्यात हे तीन तास सर्वांत मोलाचे ठरतील, आणि त्यांचा हप्ता भरावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. तिने बारावी सायन्स इंग्रजी पुस्तकांतून केलं असेल, पण तालुक्याच्या कॉलेजात सर मराठीतून समजावत असणार. पुण्यात सगळं इंग्रजीत आणि भरभर. अशा मुलीला गणित येत नाही की गणिताचा प्रश्न वाचता येत नाही, हे मार्कांवरून ओळखता येत नाही. ओळखायची एक रीत आहे आणि ती तुमच्याच हातात आहे. रविवारी तिला म्हणा, मेकॅनिक्समधलं एक गणित मला मराठीत समजावून सांग.

तुम्ही हसाल की मला काय कळतंय त्यातलं. अहो, तुम्ही फिटर आहात! घर्षण म्हणजे काय, पाना लांब असला की नट कमी जोरात का सुटतो, बेअरिंगवर भार कुठून येतो, हे तुम्ही रोज हाताळता. तिच्या पुस्तकात त्यालाच फ्रिक्शन, मोमेंट, रिअ‍ॅक्शन म्हटलंय. आयटीआयला तुम्ही इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकलात. फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमधलं ड्रॉइंग वाचून तुम्ही जॉब करता. तिच्या वर्गातल्या कित्येक मुलांना वरून बघितलेला आणि समोरून बघितलेला आकार डोळ्यांपुढे आणताना घाम फुटतो. तुमच्या घरात इंजिनिअरिंग नाही असं तुम्ही धरून चाललात. माझ्या मते ते तुमच्याच घरात आहे, फक्त त्याला डिग्रीची भाषा येत नाही. सुपरवायझरच्या मुलीकडे इंग्रजी आहे, माहिती आहे, वेळ आहे. पण ज्याने स्वतः जॉब फिट केलाय असा भाऊ तिच्याकडे नाही. मागासलेपण, पार्श्वभूमी असे शब्द वापरताना आपण नुसती उणी बाजू मोजतो, त्यातला हा तोटा.

तर तिला बोलू द्या, तुम्ही प्रश्न विचारा. तिने मराठीत नीट समजावलं, तर विषय डोक्यात आहे आणि अडचण भाषेची, सरावाची आहे. मग मागच्या काही परीक्षांचे पेपर घेऊन घड्याळ लावून सोडवणं आणि प्रश्नांतले ठरावीक इंग्रजी शब्द वहीत काढणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. समजावताना तिलाच अडखळायला झालं, तर कुठे अडखळली तो मुद्दा लिहून ठेवायचा आणि सोमवारी सरांकडे जायचं.

इथे आणखी एक अडचण येईल. ती सरांकडे जाणार नाही. आपल्या घरांत मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं असतं. वर्गात गप्प बसणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी. शहरातल्या शिकलेल्या घरांतली मुलं दोन मार्कांसाठी सरांशी वाद घालतात आणि सरांना त्यात वावगं वाटत नाही, उलट ती मुलं त्यांच्या लक्षात राहतात. तिला सांगा की सरांना विचारणं हा त्यांना दिलेला त्रास नाही, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. "सर, मला हे समजलं नाही" असं म्हणत जायचं नाही, कारण त्यावर सर अख्खा धडा पुन्हा सांगतील किंवा वैतागतील. सोडवलेलं पान घेऊन जायचं आणि म्हणायचं, "सर, इथपर्यंत आलं, पुढची ओळ कशी आली?" पहिल्यांदा जाताना मैत्रीण बरोबर न्यायला हरकत नाही.

मला एक गोष्ट विचारावीशी वाटते, ती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. तिला वर्गात, लॅबमध्ये कोणी "तू कोणत्या कोट्यातून आलीस", "तुझा परसेंटाइल किती" असं खोचून विचारतं का? आडनावावरून, गावावरून, बोलण्यावरून हसतं का? तुमची जात मी विचारत नाही आणि अंदाजही बांधत नाही. पण ही गोष्ट अभ्यासापेक्षा वेगळी मानू नका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं सारखीच कोडी सोडवत होती. ज्या गटांत मुलांची नावं, वडिलांची नावं आणि जाती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या, तिथे दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. कोडी तीच होती. तिच्या बाबतीत असं काही घडत असेल तर ते सोसायचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांपासून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असणं अपेक्षित आहे. कॉलेजात तो कोण आहे हे विचारा. नाव सांगता आलं नाही, तर तेही लेखी विचारा.

आणि तुमच्या कानावर "मला नाही जगायचं", "तुम्हाला माझा भारच आहे" असलं काही आलं, तर सगळे हिशेब बाजूला ठेवा आणि तिच्याजवळ बसा. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

बीएचं काय? बीए हा काही हलका रस्ता नाही. तिला इतिहासात, भाषेत, समाजकारणात गोडी असेल तर जरूर जावं. पण तुमच्या पत्रात बीए शिक्षेसारखं आलंय, आणि तिला स्वतःला काय हवंय हे एका ओळीतही आलेलं नाही. तुम्ही तिला विचारलंय का? अशी मुलं मोठ्यांना जे ऐकायचं असतं तेच सांगतात, म्हणून एकदा विचारून भागणार नाही. आणि "का नापास झालीस" असा प्रश्न करू नका, त्याला रडण्याशिवाय उत्तर नसतं. "या सहा महिन्यांत सगळ्यात वाईट दिवस कोणता गेला?" असं विचारा आणि मध्ये बोलू नका. "तुझ्यासाठी लॅपटॉपचा हप्ता भरतोय" हे वाक्य तर या घरातून काही महिने हद्दपार करा. तुम्हाला त्यात प्रेम दिसतं, तिला कर्ज दिसतं.

माझ्या मते आत्ता कॉलेज सोडायचा निर्णय घेऊच नये. वर्षाच्या मध्ये सोडलं तर हातात काहीच राहत नाही. दुसरं सेमिस्टर पूर्ण करू द्या, पण बदललेल्या परिस्थितीत: जवळची खोली, पुरेशी झोप, आठवड्यातून दोन-तीनदा मैत्रिणींबरोबर अभ्यास, आणि तिन्ही विषय एकदम पुन्हा न काढता आधी एकच. कोणता ते तिने ठरवावं. माझा कौल मेकॅनिक्सला, कारण त्यात घरची मदत आहे. एवढं करूनही निकाल तसाच लागला आणि तिलाच नको वाटलं, तर मग शाखा बदला, कॉलेज बदला, बीए करा. तेव्हाचा निर्णय खरा असेल. आजचा निर्णय पाच तासांच्या झोपेवर घेतलेला असेल.

सगळं खापर परिस्थितीवर फोडा असंही मी म्हणत नाही. तिची हजेरी किती होती, युनिट टेस्ट दिल्या का, असाइनमेंट स्वतः लिहिल्या की उतरवल्या, हे विचारायला हवं, आणि तिने खरं सांगायला हवं. तशाच घरातून आलेली काही मुलं पहिल्याच सेमिस्टरला सगळे विषय काढतात. त्यांच्यापैकी अनेकांना गावचा किंवा तालुक्याचा एखादा सिनियर आधीच भेटलेला असतो, आणि तो त्यांना जुने पेपर, नोट्स आणि शहाणपण देतो. तुमच्या बहिणीला असं कोणी भेटलेलं दिसत नाही. भेटू शकतं. प्रत्येक कॉलेजात धाराशिव, बीड, लातूरकडच्या मुलामुलींची ओळखीची साखळी असते, तिने फक्त चौकशी करायची. हे वाचणाऱ्या, पहिल्यांदाच घराबाहेर शिकायला निघालेल्या बाकीच्यांनाही हेच सांगते: प्रवेश पक्का झाल्यावर चादर-बादली घेण्याआधी एक सिनियर शोधा.

स्थळाचं. बॅकलॉग आणि लग्न या दोन गोष्टी एकाच बोलण्यात येऊ देऊ नका. पेपर सुटला नाही तर बोहल्यावर, अशी गाठ तिच्या मनात बसली तर ती पुढचा पेपर भीतीनेच लिहील. आईला सांगा, डिग्री होईपर्यंत हा विषय नाही. हे तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. बहिणीने सांगितलं तर त्याला भांडण म्हणतील.

वडिलांना निकाल तुम्हीच सांगा, आणि बहीण समोर असताना. ज्यांनी पावसाच्या भरवशावर अडीच एकर कसलंय, त्यांना एक हंगाम गेला म्हणून शेत विकायचं नसतं हे तुम्हाआम्हापेक्षा चांगलं कळतं. लपवलेला निकाल मात्र गावात दुसऱ्याच कोणाच्या तोंडून पोहोचतो, आणि मग बाप निकालापेक्षा लपवण्याने दुखावतो.

राहिले सुपरवायझर. त्यांच्या मुलीशी तुलना करून तुमचे सहा महिने तळमळीत गेले असतील. त्यापेक्षा एखाद्या दिवशी चहाच्या सुट्टीत सरळ त्यांना विचारा: तुमच्या मुलीने एम-वनची तयारी कशी केली, कोणते पेपर सोडवले, माझ्या बहिणीचे तीन राहिलेत. कारखान्यात ही गोष्ट फुटेल, दोन दिवस लोक बोलतील. पण आपल्या मुलीने काय केलं हे सांगायला कुठलाही बाप उत्सुकच असतो. आणि दोघी एकाच वर्गात आहेत, तर ती मुलगी कदाचित स्वतःच्या नोट्सही देईल. बहिणीला विचारल्याशिवाय मात्र हे करू नका. निकाल तिचा आहे.